अच्युतरावांनी एक लिनक्स पास केलं

इंदूरच्या छत्रीबागेतल्या अच्युत कोपरगावकरांना मिलमध्ये पगार मिळायचा तो खोड काढण्याचा. यात तिखटमीठ काही नाही. ते फोल्डिंग खात्यात होते. तयार कापडाचा तागा टेबलावरून सरकत जायचा आणि अच्युतराव त्यावर पंजा फिरवत उभे असायचे. कुठे धागा तुटलेला, कुठे गाठ, कुठे तेलाचा डाग, की लगेच लाल पेन्सिलीची खूण. तागा चांगला निघाला तर कडेला निळ्या पेन्सिलीनं 'पास'. लाल पेन्सिली भराभर झिजायच्या. निळी मात्र एकच, वर्षानुवर्षं खिशात. "भियाची ही पेन्सिल नातवाच्या मुंजीत आहेर म्हणून देता येईल, नवी की नवी," असं रघुवीर म्हणायचा. रघुवीर कापड विणायच्या साचेखात्यात होता आणि इंदुरी रिवाजानं अच्युतरावांना भिया, म्हणजे भैया, म्हणायचा. त्याच्याच साच्यावरचं कापड लाल होऊन परत यायचं, तेव्हा बोलायचा हक्क त्याला होताच.

पुढे मिल बंद झाली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग भोंगाच गेला. देशात बाजार खुला झाला म्हणत होते, पण यांचं फाटक तेवढं बंद झालं. त्याच रस्त्यावर कम्प्यूटर क्लासचे बोर्ड लागले, रंगीत टीव्हीची दुकानं आली. रघुवीरनं रिक्षा घेतली. अच्युतराव घरी बसले, आणि घरात दोष काढण्यासारखं काय कमी असतं? आमटीत चिंच पुढे, गूळ मागे. दुधवाल्याचं दूध आज निळसर. वर्तमानपत्रात तिसऱ्या पानावर वेलांटी चुकलेली.

शशिकलाबाईंनी हे सगळं देवाचं नाव घेत ऐकून घेतलं असतं. नवऱ्याची लाल पेन्सिल त्यांना लग्नापासून ठाऊक होती. त्यांचा जीव कळवळायचा तो डब्यापाशी. तीन ताळी स्टीलचा डबा, झाकणावर मिलचा टोकन नंबर कोरलेला, स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगून होता. भोंगा वाजत नसला तरी अच्युतराव त्याच वेळेला उठायचे, आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे, आणि मग तयार होऊन दारात उभे राहायचे. जायचं कुठे? थोड्या वेळानं शर्ट काढून परत खुंटीला. शशिकलाबाई शुक्रवारी अन्नपूर्णेच्या दर्शनाला जायच्या तेव्हा त्यांचं मागणं एकच असे. आई, बाकी तू बघतेसच. सकाळी डबा घेऊन जायला यांना एक जागा दे.

देवीनं आधी दिला तो कम्प्यूटर.

शशिकलाबाईंचा भाऊ गजानन भोपाळला नोकरीला होता. त्यानं नवा कम्प्यूटर घेतला आणि जुना पोत्यात बांधून टेम्पोनं पाठवून दिला. तो इतका कुरकुरायचा की अच्युतरावांना त्याच्याबद्दल आपुलकीच वाटली. अशात रद्दीवाल्याकडच्या एका मासिकाच्या पोटात त्यांना एक सीडी सापडली. तिच्यावर पोट सुटलेला, चोच मिटून बसलेला एक पेंग्विन होता. सीडी मशीनमध्ये घातली, दिवसभर खटपट केली, आणि संध्याकाळी अच्युतराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "अगं, ह्याला लिनक्स म्हणतात. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय. कुणीही घ्यावं, कुणीही दुरुस्त करावं."

"म्हणजे ह्यात चूक दिसली तर सांगता येते?"

"सांगता येते काय, लोक वाट बघत बसलेले असतात."

शशिकलाबाईंनी गॅस बारीक केला आणि मनातल्या मनात देवीला हात जोडले. माणसाला त्याच्या जोगतं काम मिळालं होतं.

पण एवढ्यावर थांबलं नाही. लिनक्स एक नव्हतं, त्याची घराणी होती. नवलखा भागात दर रविवारी कॉलेजच्या पोरापोरींचं एक मंडळ जमायचं, सीड्यांची अदलाबदल करायचं. त्यात केस पिकलेले एकटे अच्युतराव. तिथून ते दर आठवड्याला पिशवीत नवा माल घेऊन यायचे.

"पण आहे काय फरक?" शशिकलाबाईंनी एकदा गवार मोडता मोडता विचारलं.

"आतलं इंजिन एकच. वरची मांडणी ज्याची त्याची. कुणी बरोबर काय काय सामान देतो, कुणी काय."

"म्हणजे गणपती तोच, मखर वेगळं."

अच्युतरावांनी क्षणभर विचार केला. नाही म्हणावं असं काही सापडेना. "हां. तसंच समज."

तेव्हापासून शशिकलाबाई ही घराणी देवांच्या वाहनांवरून देव ओळखावेत तशी चित्रांवरून ओळखू लागल्या. रेड हॅट म्हणजे टोपीवाला. सुसे म्हणजे सरडा. डेबियन म्हणजे भोवरा, कारण त्याच्यावर लाल पीळ होता. आणि एक होता बिनचित्राचा. कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेला, सीडीवर नुसती काळी अक्षरं, त्यांतली दोन पुसट.

अच्युतराव एकेक घराणं मशीनवर चढवायचे, दोन-चार दिवस हात फिरवायचे आणि मग बोटं एकमेकांवर चोळायला लागायचे. कापडात गाठ लागली की ते असंच करायचे. शशिकलाबाईंना ही खूण पक्की ठाऊक होती. बोटं चोळली की हा गेला.

टोपीवाल्याचा मेनू त्यांना फार लांब वाटला. सरड्याचा हिरवा डोळ्यात जातो म्हणाले. भोवरा इतके प्रश्न विचारतो की सोयरीक जुळवायला आलाय असं वाटतं म्हणाले. सगळं जग ज्यावर खूश होतं त्यात यांना एक टाका उसवलेला दिसायचा. मग मशीन पुसून दुसरं. शशिकलाबाईंची अट एवढीच, की अमावास्येला पुसापुशी करायची नाही. "मशीनला काय अमावस?" असं अच्युतराव एकदा म्हणाले आणि करायला बसले. अर्ध्यात लाइट गेली. तेव्हापासून ते कॅलेंडर बघू लागले, पण बघतो असं कबूल करत नसत.

या सगळ्यात शशिकलाबाईंचं एकच गाऱ्हाणं होतं. दुपारी भांडी आवरली की त्या कम्प्यूटरवर पत्ते खेळायच्या. एकटीनं लावायचे, लाल आठ्ठी काळ्या नव्वीवर. पण नवरा दर आठवड्याला घर बदलणार, आणि दर घरात पत्ते वेगळ्या कपाटात.

"परवाच सापडले होते हो."

"खाली डावीकडे पेंग्विनवर टिचकी मार. मग गंमत. मग आणखी गंमत."

"कालपर्यंत एकाच गमतीत व्हायचं."

बिनचित्राचा तेवढा त्यांना आवडला होता. दिसायला काही नाही, पण टिचकी मारली की पत्ते हजर. तो अच्युतरावांनी दुसऱ्याच दिवशी काढून टाकला. "मांजरपाट आहे नुसता," ते म्हणाले. मांजरपाट म्हणजे बिनरंगाचं, जाडंभरडं सुती कापड. मिलच्या माणसाच्या तोंडी ही शिवी नव्हे, पण शिवीच्या शेजारची. त्या दिवसांत स्वयंपाकघराच्या खिडकीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. शशिकलाबाईंनी टाकलेली ती सीडी उचलली, भोकात दोरा ओवला आणि गजाला टांगून दिली. उन्हात ती लखलखायची आणि कबुतरं बिचकून समोरच्या गच्चीवर जाऊन बसायची.

एक दिवस रघुवीर आला तो पाहुणी घेऊन. अन्नपूर्णेकडच्या एका शाळेच्या हेडमिस्ट्रेस, शोभनाताई. रघुवीरच्या रिक्षातून त्या रोज जायच्या-यायच्या, आणि रिक्षात बसलेल्याला अच्युत भियाचं पुराण ऐकल्याशिवाय उतरता येत नसे. सांवेर रोडच्या एका कारखान्यानं शाळेला आपले जुने कम्प्यूटर दान दिले होते. बाजारातला माणूस म्हणाला, भंगारात घाला. शोभनाताईंना दान भंगारात घालणं पटेना.

अच्युतरावांना कोण आनंद झाला. त्यांनी पिशवी पलंगावर उपडी केली. हा बघा टोपीवाला, याची नवी आवृत्ती. हा सरडा, परदेशी बनावट, बांधणी सुंदर, पण. हा भोवरा, टिकाऊ आहे, पण.

शोभनाताई चष्म्यावरून बघत राहिल्या. "कोपरगावकर, मी साडी घ्यायला आलेली नाही."

रघुवीर खिडकीबाहेर बघत हसला.

"मुलांना मी दर आठवड्याला नवं पुस्तक देत नाही," शोभनाताई म्हणाल्या. "एक ठरवा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येते. चालताना दाखवा. चाललं तर सोमवारपासून कम्प्यूटरची खोली तुमच्या ताब्यात. पण एकच. आज हा, उद्या तो, ते मला शाळेत जमणार नाही."

त्या गेल्यावर शशिकलाबाईंनी खुंटीवरचा डबा काढला, घासला आणि परत टांगला. देवीचं ऐकणं झालं होतं, आता यांचं ठरणं बाकी होतं. आणि त्यांना नवरात्रभर घोर लागला तो त्याचाच. ज्या माणसानं आयुष्यात निळी पेन्सिल पुरवून पुरवून वापरली, तो एक कसा ठरवणार?

घट बसल्यापासून अच्युतराव बोटं एकमेकांवर चोळत होते. सकाळी टोपीवाला, दुपारी सरडा, संध्याकाळच्या आरतीला भोवरा. शेवटी अष्टमीला त्यांनी जाहीर केलं, टोपीवाला. ताटातलं कारलं उचलावं तसा चेहरा करून. टोपीवाला आपल्या मशीनवर चढवला, चारदा चालू-बंद करून बघितला आणि म्हणाले, "मेनू लांब आहे, पण दाखवायला रुबाब आहे."

दसरा उजाडला. मिल चालू होती तेव्हा दसऱ्याला साचे धुवायचे, झेंडूच्या माळा घालायच्या, पूजा झाल्याशिवाय कुणी पट्ट्याला हात लावत नसे. आता जुनी माणसं बंद फाटकाला तोरण बांधून येतात. अच्युतराव आणि रघुवीर तिकडे निघाले. जाता जाता अच्युतराव म्हणाले, "शशी, माझ्या सीड्यांची पण पूजा कर गं. आता हेच माझे साचे."

हे ऐकून शशिकलाबाईंना बरं वाटलं. त्यांनी पाट मांडला, त्यावर धुतलेला पंचा घातला आणि सगळ्या सीड्या ओळीनं ठेवल्या. मग प्रश्न पडला, की तोंड कोणतं? एका बाजूला नाव छापलेलं. वहीवर नाव असतं ते बाहेरच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे ही पाठ. दुसरी बाजू आरशासारखी, तिच्यात आपला चेहरा दिसतो. चेहरा दिसतो तेच तोंड. त्यांनी तोंडं वर केली आणि प्रत्येकीवर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं, साखरेचा नैवेद्य दाखवला. पाट इतका सुरेख दिसत होता की शेजारच्या शांताकाकू बघायला आल्या.

दुसऱ्या दिवशी एकादशी. सकाळी देवाची उपकरणी घासायला काढली तेव्हा शशिकलाबाईंच्या लक्षात आलं, कुंकू सुकून घट्ट बसलंय. आज पाहुण्या येणार आणि सीड्यांना लाल डाग. अच्युतराव तर लाल खूण बघून दचकायचेच. मग त्यांनी जे ताम्हणाला केलं, तेच सीड्यांना केलं. आधी चिंच लावून ठेवली. मग चिमूटभर रांगोळी घेऊन गोल गोल, हलक्या हातानं, तोंडाकडून. पाण्याखाली धरल्या आणि निरांजनं, पळी, तांब्या यांच्या रांगेत वाळत ठेवल्या. तांब्याला सोन्याचा रंग आला होता. सीड्यांवर मात्र जरा धुकं दिसत होतं. वाळल्या की चमकतील, असं म्हणून त्या खिचडीचे साबुदाणे मोकळे करायला बसल्या.

शोभनाताई आल्या त्या एकट्या नाहीत. त्यांच्यामागे रघुवीर, आणि रघुवीरच्या छातीशी धरलेला एक पिवळा पडलेला कम्प्यूटर.

"हे काय?" अच्युतराव म्हणाले. "माझ्या मशीनवर सगळं तयार आहे की."

"तुमच्या मशीनवर चाललं तर मला काय उपयोग?" शोभनाताई खुर्चीत बसल्या. "हा शाळेतला आहे. ह्याच्यावर करून दाखवा."

अच्युतरावांना हे आवडलं. कापड बघायचं तर गिऱ्हाइकाच्या अंगावर. त्यांनी बाह्या सारल्या. "शशी, सीड्या कुठे आहेत गं?"

"देवापुढे. वाळतायत."

वाळतायत हा शब्द अच्युतरावांना क्षणभर कळला नाही. ते देवघराशी गेले. टोपीवाला ताम्हण आणि निरांजनाच्या मधे उभा होता. त्यांनी तो उचलला आणि सवयीनं त्यावरून अंगठा फिरवला. एकदा फिरवला. परत फिरवला.

"घासल्यास?"

"चिंचेनं. मग जरा रांगोळीनं."

"मागून की पुढून?"

"तोंडाकडून," शशिकलाबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं की तोंड हे नव्हतं. किंवा हेच होतं आणि म्हणूनच घासायचं नव्हतं. त्यांच्या हातातली उलथणी तशीच राहिली.

अच्युतरावांनी सगळ्या सीड्या एकेक करून उजेडात धरल्या. मग हळूच म्हणाले, "शशी, मला उभ्या नोकरीत जमलं नाही ते तू एका सकाळी केलंस. सगळाच्या सगळा माल नापास."

रघुवीर खोकण्याच्या निमित्तानं बाहेर गेला आणि जरा वेळानं डोळे पुसत आत आला. "भिया, पूजा मात्र एक नंबर झाली होती. शांताकाकू सांगत होत्या."

तरी त्यांनी घालून बघितल्या. टोपीवाला मशीनच्या पोटात जाऊन घुर्र घुर्र करत राहिला. सरडा तर नुसता फिरला आणि तोंड उघडून बाहेर आला. भोवऱ्यानं पहिला प्रश्न विचारला आणि दुसऱ्यावर बसला तो बसलाच.

"कोपरगावकर," शोभनाताई घड्याळाकडे न बघता म्हणाल्या, कारण त्यांना वेळ घड्याळाशिवायच कळायची, "मुलांना पण असंच दाखवणार का?"

अच्युतराव टोपीवाला पुन्हा उजेडात धरून बघू लागले. शशिकलाबाई स्वयंपाकघरात परत गेल्या. खिचडी खाली लागत होती, ती त्यांनी ढवळली. समोर खुंटीवर डबा. आई, मी तुझंच करायला गेले गं, असं त्या मनात म्हणत होत्या तोच भिंतीवर उजेडाचा एक गोल कवडसा सरकत सरकत डब्यापर्यंत आला आणि परत फिरला. खिडकीत बिनचित्राचा वाऱ्यानं गिरकी घेत होता.

त्यांनी विळीवर दोरा कापला. या वेळी चिंच नाही, रांगोळी नाही. नुसतं पाणी आणि मऊ पंचा, तोही बाळाचं अंग टिपावं तसा. आणि सीडी नेऊन नवऱ्यापुढे धरली.

"हा?" अच्युतराव म्हणाले. "हा मी नापास केलाय."

"कबुतरांनी नाही केला."

अच्युतरावांनी शोभनाताईंकडे बघितलं, शाळेच्या मशीनकडे बघितलं आणि सीडी घातली. मशीननं ती एका घासात गिळली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धडाधड वर जाऊ लागल्या.

"बिघडलं का?" शोभनाताईंनी विचारलं.

"नाही. बोलतोय. काय काय सामान सापडलं ते सांगतोय." एका ओळीवर अच्युतरावांचं बोट थांबलं आणि त्यांचा आवाज उतरला. "ताई, ह्या मशीनची मेमरी फारच थोडी आहे. टोपीवाला ह्याच्यावर उभाच राहिला नसता. सीडी नवी असती तरी." त्यांनी बायकोकडे बघितलं. "म्हणजे दोष चिंचेचा नाही."

शशिकलाबाईंनी पदरानं कपाळ टिपलं आणि सगळ्यांना खिचडी वाढली. मशीन आपलं आपण कुरकुरत होतं. शोभनाताईंनी खिचडीत लिंबू कमी आहे असं सांगितलं. अच्युतरावांनी मान डोलावली, कारण तेही तेच म्हणणार होते.

ताटल्या उचलेपर्यंत पडदा उजळला. करड्या रंगाचा, साधा, कोपऱ्यात एक चौकोनी मेनू. अच्युतरावांनी लिहायचं कसं ते दाखवलं, बेरजा कशा करायच्या ते दाखवलं, चित्रं काढायचा ब्रश दाखवला. शोभनाताई "हं" म्हणत होत्या, आणि त्या "हं"मधून काही कळत नव्हतं. शेवटी शशिकलाबाईंना राहवलं नाही.

"ताई, ह्यात पत्ते आहेत. एकाच टिचकीत."

"शाळेत पत्ते?" शोभनाताई म्हणाल्या, आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. "दाखवा. मला बंद करावे लागतील ना, कुठे असतात ते माहीत पाहिजे."

बंद करायला म्हणून त्यांनी लाल आठ्ठी काळ्या नव्वीवर ठेवली. मग राजा हलवला. मग जीभ किंचित बाहेर आली. आणि मग खट्ट करून सगळं काळं झालं. लाइट गेली. त्या साली इंदुरात रोजची कटौती, म्हणजे वीजकपात, होती. दिवसाचे तास वाटून दिलेले, आज छत्रीबागेची पाळी.

"माझा डाव," शोभनाताई म्हणाल्या.

"आता काय होईल?" शशिकलाबाईंनी नवऱ्याला हळूच विचारलं. अमावास्येच्या दिवशीचं त्यांना आठवत होतं.

"बघू," अच्युतराव म्हणाले. म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.

हातपंख्यानं वारा घेत सगळे बसले. रघुवीरनं मिलच्या गोष्टी काढल्या. अच्युत भियानं एकदा साहेबाच्या अंगातल्या शर्टावरच लाल खूण कशी केली होती, ते त्यानं सांगितलं. "बगलेत वीण विरळ होती," अच्युतराव म्हणाले. शोभनाताई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

लाइट आली. अच्युतरावांनी बटण दाबलं. काळ्यावर पांढऱ्या ओळी पुन्हा सुरू झाल्या, पण आता हळू. अचानक झोपमोड झालेल्या माणसानं उशी, चादर, चष्मा जागेवर आहे ना ते चाचपावं, तसं मशीन आपलं सगळं सामान तपासत होतं. आकडे पुढे सरकत होते. शशिकलाबाईंचे ओठ हलत होते. मग करडा पडदा आला, कोपऱ्यात चौकोनी मेनू, सगळं जसंच्या तसं.

"डाव गेला," शोभनाताई म्हणाल्या, "पण हा उठला." त्यांनी चष्मा पुसला. "आमच्याकडे लाइट रोज जाते. तर हाच ना, कोपरगावकर? पुढच्या आठवड्यात दुसरा नाही आणणार?"

अच्युतराव पडद्याकडे बघत होते. आणि शशिकलाबाईंना दिसलं, त्यांच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांवर चोळली जात होती. अहो, नका, असं त्या डोळ्यांनी सांगत होत्या, पण डोळे बघायला अच्युतरावांची मान वळायला पाहिजे होती.

"एक सांगतो ताई," अच्युतराव म्हणाले. "ह्या मेनूतली अक्षरं जरा एका बाजूला झुकलेली आहेत. आणि घड्याळ कडेला फार चिकटलंय."

"भिया, चुप भी रहो यार," रघुवीर म्हणाला.

शोभनाताईंनी हात वर करून रघुवीरला थांबवलं. त्यांनी वाकून मेनू बघितला. "झुकलीत खरी. मिलमध्ये असा तागा आला असता तर काय केलं असतं?"

"कुठलं कापड ते बघून. पॉपलिन असतं तर लाल."

"आणि हे कुठलं आहे?"

अच्युतरावांनी पडद्यावरून पंजा फिरवला. मग म्हणाले, "मांजरपाट. मांजरपाटात एवढं चालतं. गाठ बिठ असतेच. लोक त्याच्या उशा शिवतात, पिशव्या शिवतात, पोरांची झबली शिवतात. धुऊन धुऊन विरतं, पण फाटत नाही. आमच्या मिलनं सगळ्यात जास्त विकलं ते हेच." बोटं थांबली होती. "मुलांना हेच पाहिजे. पॉपलिन घालून मातीत खेळता येत नाही."

त्यांनी आतल्या खोलीतून जुना शर्ट आणला, खिशातून निळी पेन्सिल काढली. सीडीवर ती उमटेना. मग खाकी कागदाचं एक पाकीट करून त्यावर कडेला, जिथं ताग्यावर लिहायचे तिथंच, लिहिलं, 'पास'. अक्षर जरा एका बाजूला झुकलं होतं. त्यांनी ते बघितलं आणि तसंच राहू दिलं.

सोमवारी डबा खुंटीवरून उतरला. शशिकलाबाईंनी तळाला भाजी, मधे वरणभात आणि वरच्या ताळीत पोळ्या भरल्या. दारात उभं राहायची वेळ झाली तशी रघुवीरची रिक्षा आली आणि अच्युतराव इस्त्रीच्या शर्टात बसून गेले. शशिकलाबाईंनी देवीपुढे साखर ठेवली. मग घासलेल्या सगळ्या सीड्यांना दोरे ओवले आणि खिडकीत टांगल्या. टोपीवाला, सरडा, भोवरा वाऱ्यावर गिरक्या घेऊ लागले. धुकं पडलेलं असलं तरी कबुतरांना पुरेसे होते.

संध्याकाळी अच्युतराव आले ते बोलतच आले. मुलांनी काय विचारलं, कुठल्या मशीनचा पंखा वाजतो, शाळेच्या फळ्यावर एक अनुस्वार कसा चुकला होता. शशिकलाबाईंनी डबा घासायला उघडला. भाजी संपलेली, वरणभात संपलेला. पोळ्यांच्या ताळीत, पोळीच्या जागी, पोळीएवढीच गोल, फडक्यात गुंडाळलेली एक नवी कोरी सीडी बसली होती. तिच्यावर एक उडी मारणारा मासा होता.

त्यांनी ती दोन बोटांनी उचलली आणि नवऱ्याकडे बघितलं.

"शाळेत तोच आहे, देवाशपथ," अच्युतराव म्हणाले. "हा घरासाठी. नवलख्याची पोरं म्हणतात, बांधणी फार सुबक आहे."

शशिकलाबाईंनी सीडी उजेडात धरली. कुंकवाच्या करंड्याकडे त्यांची नजर गेली आणि परत आली.

"बरं," त्या म्हणाल्या. "ह्यात पत्ते कुठे आहेत, ते आधी बघून सांगा."